मीठ बेताचं

"साहेब, आज मीठ एकदाच घातलंय हं," असं म्हणत मालकिणीने त्याच्या वाडग्यात सूप ओतलं, आणि समोर बसलेल्या चष्मेवाल्याला हसू आवरेना. चष्मेवाला हसला म्हणून त्याची बायको हसली, पलीकडची दोन-चार माणसं हसली, आणि सगळेच हसताहेत म्हटल्यावर तोही हसला. हसण्याचं एक बरं असतं, कारण ठाऊक नसलं तरी करता येतं. पण हसून झाल्यावर त्याच्या छातीत कुठेतरी खट्ट झालं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. आज एकदाच म्हणजे? दोनदा कधी घातलं होतं? आणि ते नेमकं त्यालाच का सांगायचं? मालकीण तोवर मोठा डाव आणि पातेलं घेऊन चार खुर्च्या पुढे सरकली होती, आणि वाडग्यातून वाफ येत होती. वाफ त्याच्या नाकाला लागली. ओली आणि गरम होती, एवढंच त्याला कळलं.

वर्षातून एका रविवारी ही गल्ली दुपारपुरती वाहनांना बंद असते. या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबलं जोडायची, ज्याने त्याने आपली खुर्ची आणि आपला वाडगा घरून आणायचा, आणि जेवण कोपऱ्यावरच्या हॉटेलातून यायचं. खुर्च्यांवरून माणूस ओळखावा. चष्मेवाला आपल्या चष्म्यांच्या दुकानातली गोल फिरणारी खुर्ची ढकलत आणतो आणि जेवताना उगाच या बाजूला त्या बाजूला फिरतो. रिटायर पोस्टमास्तर खुर्चीला दोरीने आपलं नाव बांधतात, जणू त्यांची ती तीन पायांची खुर्ची कोणी पळवणार आहे. यंदा तो सकाळी खुर्ची घेऊन जिना उतरला तेव्हा दुसरा हात मोकळाच राहिला, आणि त्या मोकळ्या हाताचं काय करायचं ते दोन मजले उतरेपर्यंत त्याला सुचलं नाही. गेल्या वर्षी त्या हातात तिची खुर्ची होती, निळ्या उशीची. उशी तिनेच शिवलेली. मागून ती वाडगे घेऊन उतरत होती आणि दर पायरीला बजावत होती, "अहो, भिंतीला घासू नका, अहो, हळू." सात महिने झाले आता. ती उशी अजून त्या खुर्चीवरच आहे, आणि तो तिच्यावर वर्तमानपत्रं ठेवतो.

त्याची ओळख करून द्यायची म्हणजे जरा पंचाईतच, कारण ओळख न देणं हाच त्याचा धंदा. बावीस वर्षं तो शहरातल्या दैनिकात दर शुक्रवारी 'शहर चाखताना' लिहितो. कुठल्या बागेत रविवारी बँड वाजणार, जुन्या पुस्तकांचा बाजार कुठे भरलाय, कुठल्या सभागृहात कोण गाणार, असं सगळं त्यात असतं. पण लोक वाचतात ते खाण्याचं. संपादकांनी पहिल्या दिवशीच तीन नियम घालून दिले होते. नाव छापायचं नाही. कुठल्याही ठिकाणी दोन वेगळ्या दिवशी दोनदा खाल्ल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. आणि जायचं ते एकट्याने, कारण घरची माणसं बरोबर असली की जीभ भिडस्त होते. गंमत अशी की नाव न छापूनही हा कोण ते साऱ्या शहराला पाठ. तो दारात दिसला की कोपऱ्यातलं टेबल दोनदा पुसलं जायचं, आणि आपण ओळखलंच नाही असं नाटक चालायचं. त्यानेही ते नाटक आपल्याला कळलंच नाही असं नाटक करायचं. कचेरीत त्याला सगळे चवकर म्हणायचे. खरं आडनाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. एकोणीस वर्षं असा तो बाहेर जेवून घरी यायचा, ती दार उघडून विचारायची, "कसं होतं?" आणि तो चपला काढत म्हणायचा, "शुक्रवारी वाच." त्याला हा फार चांगला विनोद वाटायचा. तीही हसायची, आणि आपल्या एकटीचं ताट घासायला घ्यायची. एकोणीस वर्षं तोच विनोद! शरम कशी वाटली नाही माणसाला.

मग तीन वर्षांपूर्वी त्याला ताप आला. साधाच. पाच दिवसांनी उतरला आणि जाताना चव घेऊन गेला, वासही घेऊन गेला. मीठ नाही, साखर नाही, लिंबू नाही, काहीच नाही. पाव खाल्ला तर स्पंज, अंडं खाल्लं तर ओला रबर. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. नाही आली. चवकरची चव गेली, हे कचेरीत कळलं असतं तर लोकांची हसून पोटं दुखली असती, आणि पोटं दुखायची थांबल्यावर सदर दुसऱ्या कोणाला दिलं असतं. त्याने फक्त तिला सांगितलं, तेही स्वयंपाकघरात, पाठ फिरवून, बेसिनचा नळ सोडून. तिने पुढे होऊन नळ बंद केला. मग म्हणाली, "अहो, मग मी येते की बरोबर." पिशवी जड आहे, एक बंद मी धरते, असं म्हणावं तशी.

पहिल्या दिवशी तिने ठेवणीतल्या चपला काढल्या. त्या इतकी वर्षं ठेवणीत होत्या की अर्ध्या वाटेत एकीचा बंद तुटला, आणि ती पाय फरफटवत, हसत, नदीकाठच्या त्या मासळीच्या हॉटेलात शिरली. जन्मभर तिने शाळेत मुलींना शिवण शिकवलं होतं, तेव्हा चव सांगायला तिच्याजवळ शब्द होते ते शिवणाचे. "टाके सैल पडलेत हो," ती हळूच म्हणायची. किंवा, "शिवण दिसतेय. मासा एकीकडे, मसाला एकीकडे." किंवा घास घेऊन डोळे मिटायची आणि म्हणायची, "हे बाकी मापात बसलंय." घरी आल्यावर ती सगळं मापांच्या जुन्या वहीत उतरवायची. वही पुढून उघडली की मुलींची मापं, छाती, खांदा, बाही. मागून उघडली की शहर. तो तिचे टाके आणि शिवणी काढून त्यांच्या जागी वर्तमानपत्री शब्द बसवायचा, तरी एखादा टाका राहून जायचाच. लोकांची पत्रं यायला लागली, की अलीकडे लेखाला काही वेगळाच रंग चढलाय. आणि जेवण झालं की ती सरळ घरी यायची नाही. बागेत बँड ऐकायचा, पुस्तकांच्या बाजारात तासभर नुसतं उकरायचं, सभागृहाबाहेर उभं राहून आत कोण गातंय ते ओळखायचं. एकदा बागेतल्या बाकावर बसून ती म्हणाली, "हे आपलं शहर होय? मला वाटलं होतं आपण इथे फक्त राहतो." त्याने ते वाक्य शुक्रवारच्या लेखात घातलं. बावीस वर्षांतलं सगळ्यात गाजलेलं वाक्य ते.

मग तिचं दुखणं निघालं. घरात त्या दुखण्याचं नाव कोणी घेतलं नाही, दोघंच तर होती. दवाखान्याच्या बाकावर, नंबर लागायची वाट बघत, तिचा हात गार पडला होता, तेव्हा काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला होता, "घाबरतेस काय? तुझी जीभ आहे तोवर माझी नोकरी आहे." ती खुदकन हसली होती. आपण तिला हसवलं याचं त्याला किती बरं वाटलं होतं! शेवटपर्यंत ती येत राहिली. चालताना दर खांबाशी थांबायची, पण यायची. आणि तिचं लिहिणंही सुधारत चाललं होतं, निदान त्याला तसं वाटायचं. वहीतले टाके, दुमडी, मापं हळूहळू गेली आणि नीटस वाक्यं आली. 'मिरी जरा पुढे आलीय.' 'आंबट मागून येतं.' एकदा वही वाचून तो तिला म्हणालाही, "आता तू अगदी आमच्यासारखं लिहायला लागलीस." ती उशीला टेकून पडली होती. म्हणाली, "हो का?" आणि भिंतीकडे वळली.

दोघांचा शेवटचा लेख याच सूपवर होता, कोपऱ्यावरच्या या हॉटेलातल्या. एरवीही ती दोघं इथे जेवायला यायची, पण लेखासाठीची ही पहिलीच खेप होती. नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा जायचं होतं त्या दिवशी तिला उठवेना, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने एकदा खाऊन लिहिलं. 'मीठ असं बेताचं, की घालणाऱ्याचा हात ओळखू यावा.' त्यातलं 'मीठ बेताचं' तिचं होतं, पुढचं त्याने जोडलं होतं. लेख छापून आल्यानंतर एकोणीस दिवसांनी ती गेली. मालकिणीने तो लेख कापून, काच लावून, हात धुवायच्या बेसिनवर टांगला होता, आणि गेले सात महिने कोपऱ्यावरून जाताना तो दारातूनच त्या काचेकडे बघून पुढे जायचा. देवळासमोरून जाताना लोक करतात तसं. लेख मात्र थांबले नव्हते. तो वहीच्या मागच्या बाजूचं एकेक वाक्य काढून वापरत होता, इथली मिरी तिथे, तिथला आंबटपणा इथे; ठिकाणं नवी आणि वाक्यं तिची. यात फसवणूक आहे हे न कळण्याइतका तो दुधखुळा नव्हता. पण दर शुक्रवारी ती चार ओळी बोलायची, हजारो घरांत, आणि कोणाला पत्ता नव्हता की ती नाही. वहीची आता चार पानं उरली होती. त्यानंतर ती बोलायची थांबणार, आणि मग काय करायचं, याचा विचार तो शनिवारी सुरू करायचा आणि रविवारी सोडून द्यायचा. आजच्या जेवणावरही लिहायचं होतं. सूपसाठीचं वाक्य त्याने सकाळीच वहीतून उतरवून खिशात ठेवलं होतं.

"ते मिठाचं काय म्हणत होत्या?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

चष्मेवाला खुर्चीसकट त्याच्याकडे फिरला. "म्हणजे तुम्हाला खरंच ठाऊक नाही? अहो साहेब, तुमचा तो लेख! तुम्ही दोघं आला होता ना, त्या दिवशी आचारी नवा होता. त्याने मीठ घातलं, आणि गडबडीत मालकिणीनेही घातलं. समुद्र हो, नुसता समुद्र! सतरा वाडगे परत गेले, त्यातला एक माझा. आणि शुक्रवारी पेपर उघडतो तर काय, मीठ असं बेताचं!" त्याने मांडीवर थाप मारली. "आम्ही म्हटलं, काय दिलदार माणूस आहे, बाईची लाज राखली. मग तुमच्या घरी ते तसं झालं, तेव्हा कोण बोलणार? नाहीतर आम्ही तेव्हाच तुमची चांगली फिरकी घेतली असती."

तो "असं होय" म्हणाला. आधी त्याला राग आला, आणि तो तिचा आला. बावीस वर्षांचं नाव, आणि ही समुद्र पिऊन 'मीठ बेताचं' म्हणते! मालकिणीची भीड पडली असेल. संपादक म्हणत होते तेच खरं, घरची माणसं नेऊ नयेत. निदान त्याच्या कानात तरी खरं सांगायचं होतं, त्याने सांभाळून घेतलं असतं, सूप सोडून भाजीवर लिहिलं असतं. असा तो मनातल्या मनात तिच्याशी भांडत होता. ती गेल्यापासून इतकं मोकळेपणाने तो तिच्याशी भांडला नव्हता, आणि भांडताना ती समोर दिसायला लागली. भिंतीकडची खुर्ची. गळ्याभोवती गुंडाळलेला रुमाल. दोन्ही हातांनी धरलेला वाडगा. तिने वाडगा संपवला होता. नुसता संपवला नव्हता, पावाच्या तुकड्याने पुसून घेतला होता, आणि त्याच्याकडे बघून म्हणाली होती, "अजून थोडं घ्यायचं?" दोघांनी मिळून आणखी एक घेतला होता. माणूस भिडेखातर एक वाडगा संपवेल. समुद्राचा दुसरा वाडगा कोण मागेल? आणि मग वहीची ती पानं एकामागून एक डोळ्यांसमोर आली. टाके गेले, शिवण गेली, माप गेलं, आणि ती परक्या माणसाची नीटस वाक्यं आली. आपण म्हणालो, सुधारलीस. आपण! शब्दांवर पोट भरणारा माणूस! बायकोच्या तोंडची भाषा बदलली आणि याने तिला शाबासकी दिली.

तो उठला. सूप तसंच ठेवून हॉटेलपर्यंत चालत गेला. दारात मोठ्या पातेल्याशी मालकीण घाम पुसत उभी होती.

"ताई, ती, म्हणजे आमच्या घरातली, त्या दिवशी तुमच्याशी काही बोलली होती?"

"त्या मिठाचं मनावर घेतलंत का साहेब? मेली माझी जीभ." तिने डाव पातेल्यात सोडला. "बाईंचा काही दोष नाही हो त्यात. त्यांना कुठे काय लागत होतं? औषधांनी तोंड गेलेलं त्यांचं. सगळं पत्र्यासारखं लागतं म्हणायच्या. तुम्ही हात धुवायला गेलात की काउंटरवर यायच्या. 'ताई, आज कसं झालंय, नीट सांग.' मी सांगायची काहीबाही, मिरी जरा पुढे आलीय, आंबट मागून येतं. त्या ते पुटपुटत पाठ करत टेबलाशी जायच्या, शाळेतल्या पोरीसारख्या. दुसरीकडे कोणी दुसरं सांगत असेल. त्या दिवशी गर्दी होती, मीच चाखलं नव्हतं, म्हणून म्हटलं, नेहमीसारखंच, मीठ बेताचं." ती थांबली. "तुम्हाला ठाऊक होतं ना, साहेब?"

"होतं," तो म्हणाला.

"मी एकदा विचारलंही त्यांना. म्हटलं, बाई, काही लागत नाही तर एवढा जीव काढत येता कशाला? तर म्हणाल्या, अगं, मी घरी बसले की हेही बसतील. आत्ता कुठे बाहेर पडायला लागलोय आम्ही."

तो परत आपल्या जागेवर येऊन बसला. गल्लीत कोणीतरी पेटी वाजवत होतं, पोस्टमास्तर टेबलावर बोटांनी ठेका धरत होते, वरच्या गच्चीतून कोणीतरी कोणालातरी आणखी पाव आणायला सांगत होतं. म्हणजे तिच्या शेवटच्या सहा-सात महिन्यांत ही दोघं साऱ्या शहरात समोरासमोर बसून जेवली, नदीकाठी, बागेशेजारी, स्टेशनामागे, आणि दोघांनाही कशाचीच चव नव्हती. त्याला वाटत होतं निदान तिला आहे. आणि तिने ते त्याला शेवटपर्यंत वाटू दिलं, कारण दवाखान्याच्या बाकावर त्याने एक विनोद केला होता. 'तुझी जीभ आहे तोवर.' तिने तो खरा मानला. ती आजारी होती, तिला उलट्या होत होत्या, आणि ती हॉटेलांच्या काउंटरवर चवी पाठ करत होती. आणि तो त्या वेळी आरशात बघून हात धूत होता! वहीतली ती चार पानंही तिची नव्हतीच. तिची पानं आधीच संपली होती, ती जिवंत असतानाच, आणि त्याला ते कळलं नव्हतं. तिचं काय उरलं मग? सतरा वाडगे परत आले आणि दोन तेवढे पुसून रिकामे. तिसराही.

त्याने चमचा उचलला. सूप निवून गेलं होतं. तो सावकाश खात गेला, एकही घास न टाळता, आणि शेवटी पावाने वाडगा पुसून घेतला. मालकीण दुसऱ्या फेरीला आली तेव्हा त्याने वाडगा पुढे केला.

"आवडलं वाटतं," ती म्हणाली.

"काही कळत नाही हो, ताई." आवाज पेटीपेक्षा मोठा निघाला. पोस्टमास्तरांची बोटं थांबली. चष्मेवाल्याची बायको वळून बघायला लागली. संध्याकाळच्या आत हे कचेरीपर्यंत पोचणार, हे त्याच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात येऊनही तो बोलतच राहिला. "तीन वर्षं झाली. मीठ नाही, साखर नाही, काही म्हणता काही कळत नाही मला. तिला ठाऊक होतं. ती मला सांगायची."

मालकिणीने भरलेला डाव वाडग्यावर धरला. मग अगदी हळू म्हणाली, "तरी वाढू?"

"वाढा. आणि ताई, आज कसं झालंय, नीट सांगा."

तिने वाडगा भरला. मग त्याच्याच चमच्याने थोडं तोंडात घेतलं, गिळलं आणि तिचा चेहरा पडला. "मीठ कमी पडलंय, साहेब. त्या दिवसाच्या भीतीने हात आखडला माझा."

त्याने खिशातला कागद काढला, सकाळी उतरवलेल्या वाक्याच्या उलट्या बाजूला लिहिलं, 'मीठ कमी,' आणि मग भर दुपारी, साऱ्या गल्लीदेखत, चवकरला रडू फुटलं. पेटीवाल्याशी गप्पा मारून नुकताच परत आलेला चष्मेवाला खुर्ची फिरवून घाईघाईने त्याचा खांदा थोपटायला लागला.

"अहो साहेब, असं काय करताय?" तो म्हणाला. "इतकं काही कमी नाहीये मीठ."